पायांखालचे ईएमएस यंत्र आणि छातीतला पेसमेकर : एका घरगुती उपकरणाचे परीक्षण

गुडघेदुखी, पोटऱ्यांत येणारे गोळे आणि तळपायांची आग यांवरचा उपाय म्हणून घरोघरी दिसू लागलेल्या, पायांखाली ठेवून वापरायच्या ईएमएस यंत्राचे, म्हणजे त्वचेवरून विजेची हलकी स्पंदने देऊन स्नायू हलवणाऱ्या यंत्राचे, हे परीक्षण आहे. यंत्र आईसाठी घेतले होते. वडिलांचेही गुडघे दुखतात. मात्र त्यांना काही वर्षांपूर्वी मिरजेत दोन तारांचा पेसमेकर बसवलेला आहे. त्यामुळे हे यंत्र कसे चालते यापेक्षा ते कोणाच्या पायांखाली जाऊ नये, हा प्रश्न आमच्या घरात अधिक महत्त्वाचा ठरला. माझे मत सुरुवातीलाच नोंदवते : यंत्र म्हणून ते बरे आहे, परंतु पेसमेकर किंवा आयसीडी, म्हणजे हृदयाची लय घातक रीतीने बिघडल्यास आतून विजेचा झटका देणारे उपकरण, ज्यांच्या शरीरात आहे त्यांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या स्पष्ट परवानगीशिवाय त्यावर पाय ठेवू नये, आणि ही बाब ज्या ठळकपणे सांगायला हवी, त्या ठळकपणे ना खोक्यावर सांगितलेली आहे ना दुकानात. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण जवळजवळ याच बनावटीची यंत्रे अनेक नावांनी विकली जातात आणि एका नावावर बोट ठेवल्याने बाकीची निर्दोष आहेत असा समज व्हायला नको.

यंत्राविषयी थोडक्यात. घडी घालता येईल अशी एक चटई, तिच्यावर दोन तळपायांसाठी दोन वेगळे विद्युतवाहक पट्टे, मध्यभागी चुंबकाने चिकटणारा छोटा नियंत्रक आणि तो चार्ज करण्यासाठी मोबाइलच्या चार्जरला चालणारी तार, एवढाच हा पसारा आहे. तळपाय किंचित ओले करून दोन्ही पाय एकाच वेळी ठेवावे लागतात. तीव्रता वाढवत नेली की आधी मुंग्या येतात, मग तळव्याचे आणि पोटरीचे स्नायू आपोआप आखडू व सैल पडू लागतात. पंधरा मिनिटांनी यंत्र स्वतःहून बंद होते, ही सोय चांगली आहे. आईला संध्याकाळी पोटऱ्या हलक्या वाटतात आणि ती ते आवडीने वापरते. बॅटरी पुरेशी टिकते, पट्ट्यांची शिवण मजबूत आहे. चार्जिंग चालू असताना यंत्र वापरू नये अशी सूचना पुस्तिकेत आहे आणि ती काटेकोरपणे पाळावी, कारण अशा वेळी पायांखालच्या चटईचा घरातल्या विजेशी संबंध उरता कामा नये.

आता मुख्य विषयाकडे येते. यंत्रासोबतच्या इंग्रजी पुस्तिकेत, आतल्या पानावर, बारीक अक्षरांत, गर्भवती स्त्रिया, अपस्माराचे रुग्ण आणि शिरेत रक्ताची गाठ झालेल्या व्यक्ती यांच्या यादीत पेसमेकर असलेल्यांनी यंत्र वापरू नये असे एक वाक्य आहे. म्हणजे इशारा दिलेलाच नाही असे म्हणता येणार नाही. परंतु खोक्याच्या दर्शनी भागावर हसतमुख वृद्ध जोडप्याचे चित्र आहे, आणि ज्या वयात गुडघे दुखतात त्याच वयात पेसमेकरही बसवले जातात. ज्या ग्राहकांसाठी वस्तू बनवली, त्यांच्यातल्याच एका मोठ्या गटाला असलेला धोका आतल्या पानावर, त्यांना न वाचता येणाऱ्या भाषेत छापणे, हे मला या उत्पादनाचे सर्वांत मोठे वैगुण्य वाटते. हृदयासाठीची उपकरणे शरीरात असणाऱ्यांनी वापरू नये असा इशारा नामांकित कंपन्यांच्या टेन्स यंत्रांच्या, म्हणजे वेदना कमी करण्यासाठी त्वचेवरून अशीच विजेची स्पंदने देणाऱ्या यंत्रांच्या, पुस्तिकांतही असतो, तेव्हा हा एखाद्या उत्पादकाचा अतिसावधपणा नव्हे. या क्षेत्रातली ती रूढ दक्षता आहे.

या दक्षतेचे कारण समजून घेतल्याशिवाय ती पाळली जात नाही, असा माझा घरातला अनुभव आहे; म्हणून ते जरा सविस्तर लिहिते. पेसमेकर नुसते ठोके देत नाही, तो सतत हृदयाचे ठोके ऐकतही असतो. हृदयाच्या आतून त्याच्या तारेपर्यंत येणारा विद्युत संकेत काही मिलिव्होल्टांचा, म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या मापाचा असतो. हृदयाने स्वतःहून ठोका दिला असे वाटले की पेसमेकर आपला ठोका रोखून धरतो, आणि ठरलेल्या वेळेत काही ऐकू आले नाही की स्वतः ठोका देतो. त्वचेवर लावलेल्या पट्ट्यांतून शरीरात जाणारे स्पंदित करंट जर तारेपर्यंत पुरेशा तीव्रतेने पोहोचले, तर पेसमेकर त्यांनाच हृदयाचे ठोके समजू शकतो. मग तो गप्प बसतो. ज्याचे हृदय अधूनमधूनच मंदावते त्याला याचा फारसा त्रास होणार नाही. पण ज्याचे हृदय जवळजवळ पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत काही सेकंदांचा विरामही डोळ्यांपुढे अंधारी आणण्यास, घेरी येऊन पडण्यास पुरेसा असतो.

पेसमेकर बनवणाऱ्यांना हे माहीत आहे आणि त्यांनी त्यावर उपायही योजलेले आहेत. सलग आणि वेगवान विद्युत गोंगाट जाणवला तर बहुतेक पेसमेकर ऐकणे बाजूला ठेवून ठरावीक गतीने ठोके देऊ लागतात. त्यामुळे सेकंदाला शंभर स्पंदनांचा अखंड प्रवाह एका अर्थी ओळखायला सोपा असतो. अडचण मंद किंवा तुटक स्पंदनांची आहे. सेकंदाला दोन स्पंदने म्हणजे मिनिटाला एकशेवीस; हा वेग हृदयाच्या ठोक्यांसारखाच दिसतो. आमच्या यंत्रातले ‘थापटणे’, ‘मळणे’ असे जे प्रकार आहेत, ते नेमके अशा थांबून थांबून येणाऱ्या स्पंदनांचे बनलेले आहेत. म्हणून ‘मी सगळ्यात सौम्य प्रकारावर लावतो’ हा युक्तिवाद पुरेसा नाही. तीव्रता कमी ठेवल्याने धोका कमी होतो हे खरे, परंतु स्पंदनांचा ताल मंद आहे म्हणून ते निर्धोक आहेत, असे मात्र नाही.

आयसीडीची गोष्ट आणखी गंभीर आहे. जीवघेण्या अनियमित लयीत हृदयाचे संकेत फार क्षीण होतात आणि तेही सुटू नयेत म्हणून आयसीडीचे ऐकणे पेसमेकरपेक्षा तीक्ष्ण ठेवलेले असते. बाहेरच्या स्पंदनांना त्याने घातक लय समजले तर ते शुद्धीवर असलेल्या, धडधाकट बसलेल्या माणसाला छातीच्या आतून झटका देऊ शकते. टेन्समुळे असे अनाठायी झटके बसल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. स्वीडनमधील डॉक्टरांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आयसीडी असलेल्या 30 रुग्णांवर देखरेखीखाली टेन्स लावून पाहिले, तेव्हा त्यांपैकी अर्ध्याहून अधिक जणांत उपकरणाच्या ऐकण्यात अडथळा आल्याचे दिसले. आयसीडी असलेल्यांसाठी माझे मत म्हणूनच निःसंदिग्ध आहे : हे यंत्र घरात वापरण्याचा विचारही करू नये.

पेसमेकरच्या बाबतीत पुरावा एकाच बाजूला झुकलेला नाही, आणि तो तसा आहे असे भासवणे वाचकांवर अन्याय करणारे ठरेल. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी 1988 मध्ये 51 रुग्णांवर, वीस वेगवेगळ्या प्रकारच्या पेसमेकरांच्या बाबतीत, कंबर, मान, पाय आणि हात अशा ठिकाणी टेन्स लावून तपासले आणि त्यांना एकाही रुग्णात अडथळा आढळला नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1990 मध्ये, टेन्समुळे पेसमेकर गप्प झाल्याची दोन रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. तो विराम दीर्घकाळ चालणाऱ्या ईसीजी नोंदीत सापडला होता, आणि पेसमेकरची ऐकण्याची तीक्ष्णता कमी करून त्यावर उपाय करण्यात आला. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की निष्कर्ष असा निघतो की बहुसंख्यांना काही होणार नाही, पण कोणाला होईल हे बाहेरून पाहून ओळखता येत नाही. तारेचा प्रकारही महत्त्वाचा असतो. ज्या तारेची दोन्ही टोके हृदयातच, एकमेकांपासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर अंतरावर असतात, ती बाहेरचा गोंगाट कमी पकडते. जिच्यात एक टोक हृदयात आणि दुसरे टोक म्हणजे कॉलरच्या हाडाखालची पेसमेकरची डबीच असते, ती मात्र छातीचा मोठा भाग कवेत घेऊन ऐकते आणि सहज फसते. आपल्याकडची तार कोणती आणि ऐकण्याची तीक्ष्णता कितीवर ठेवली आहे, हे रुग्णाला क्वचितच माहीत असते. पेसमेकर बसवताना मिळालेल्या ओळखपत्रावरून तारेचे मॉडेल कळते. बाकीचे तपासणीच्या वेळी डॉक्टरांनाच विचारावे लागते.

आमच्या दुकानदाराचे उत्तर असे होते : “काका, हे पायाला लावायचं आहे, छातीला नाही. बिनधास्त घ्या.” हा युक्तिवाद इतक्या ठिकाणी ऐकू येतो की त्याची नीट छाननी करायला हवी. त्यात तथ्य आहे. चटईवर दोन्ही पाय ठेवल्यावर करंट एका तळव्यातून वर चढतो, मांड्या आणि ओटीपोटाच्या खालच्या भागातून दुसऱ्या पायात उतरतो. छातीपर्यंत त्याचा फारच थोडा अंश पोहोचत असणार. आधुनिक पेसमेकर आणि जवळजवळच्या टोकांची तार असेल तर नुसत्या पायांवरच्या वापरात अडथळा येण्याची शक्यता कमी आहे, असे आमच्या डॉक्टरांनीही सांगितले. तथापि कमी शक्यता आणि तपासून दिलेली खात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय हे यंत्र नेहमी पायांखालीच राहते असे नाही. आमच्या खोक्यात चटईसोबत चिकटणाऱ्या पट्ट्यांची एक जोडी आली, ती कंबर, खांदा आणि मानेवर लावण्याची चित्रे पुस्तिकेत आहेत, आणि खांद्यावर लावलेली पट्टी पेसमेकरच्या डबीपासून वीतभरही दूर नसते. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे हातांना मुंग्या येतात म्हणून चटईवर तळहात टेकवून बसणारे लोक मी पाहिले आहेत. तेव्हा करंट एका हातातून छाती ओलांडून दुसऱ्या हातात जातो. पेसमेकर असलेल्या माणसासाठी याहून वाईट मार्ग नाही, आणि पुस्तिकेत त्याविषयी अवाक्षरही नाही.

दुकानात मिळालेल्या वागणुकीबद्दल माझी तक्रार उर्मटपणाची नाही; विक्रेता अगत्यशील होता, पाणी विचारले, यंत्र लावून दाखवले. पण विकण्यापूर्वी ‘घरात कोणाला पेसमेकर आहे का’ हा एक प्रश्न त्याने विचारला नाही, आणि आम्ही स्वतःहून सांगितल्यावरही पुस्तिका उघडून पाहिली नाही. वृद्धांसाठी ठिकठिकाणी भरणाऱ्या मोफत ‘फूट थेरपी’ शिबिरांतही मी हेच पाहिले आहे : नाव, वय, मधुमेह, रक्तदाब यांची नोंद होते आणि रांगेतला पुढचा माणूस यंत्रावर बसवला जातो. मधुमेहाची नोंद घेतात, पण तळपायांची संवेदना गेलेल्या मधुमेही माणसाला तीव्रता जाणवतच नाही आणि तो ती वाढवत राहतो, हे त्याला कोणी समजावत नाही.

याउलट ज्या फिजिओथेरपी केंद्रात वडिलांच्या गुडघ्यांसाठी आम्ही गेलो, तिथल्या सेवेचे मी मनापासून कौतुक करते. केसपेपर काढतानाच त्यांनी पेसमेकर, आयसीडी, मेंदूत किंवा कण्यात बसवलेली विद्युत उपकरणे, कानातले कॉक्लिअर इम्प्लांट, शरीरातील धातू यांविषयी एकेक करून विचारले, ओळखपत्राची प्रत ठेवून घेतली आणि केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने नोंद केली. कारण विचारल्यावर मॅडमनी सांगितले की रुग्णाला एक जण तपासतो आणि मशीन दुसरा जण लावतो, म्हणून नोंद अशा जागी हवी की मशीन लावणाऱ्याला ती टाळताच येऊ नये. आयएफटी (दोन विद्युत प्रवाह एकत्र आणून वेदनेवर केला जाणारा उपचार), टेन्स आणि स्नायूंचे स्टिम्युलेटर त्यांनी वडिलांसाठी पूर्णपणे वगळले. शॉर्टवेव्ह डायथर्मीबद्दल, ज्याला आपल्याकडे बरेच लोक नुसते ‘मशीनचा शेक’ म्हणतात, त्या अधिक कडक होत्या : ती तर पेसमेकर असलेल्या माणसाच्या शेजारच्या पलंगावरही चालू ठेवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. यामागे ठोस कारण आहे. या यंत्रातील उच्च वारंवारतेची ऊर्जा शरीरातील तारांमध्ये पकडली जाते आणि तारेच्या टोकाशी असलेली ऊती भाजू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शरीरात तारा असलेल्या रुग्णांवर डायथर्मी करू नये असा जाहीर इशारा 2002 मध्येच दिलेला आहे. तार जोडलेली नसली, उपकरण बंद केलेले असले, तरीही तो लागू आहे. एखाद्याचा जुना पेसमेकर काढून तार आतच ठेवलेली असेल, तर त्यानेही हे सांगायला हवे.

अंतिम निर्णय अर्थातच पेसमेकरच्या तपासणीच्या वेळी झाला. डॉक्टरांनी तीन गोष्टी पाहिल्या : वडिलांचे हृदय पेसमेकरवर किती अवलंबून आहे, तार कोणत्या प्रकारची आहे, आणि ऐकण्याची तीक्ष्णता कितीवर ठेवली आहे. तार चांगली होती, पण अवलंबित्व जवळजवळ पूर्ण होते. काही क्षण पेसमेकर थांबवून पाहिल्यावर हृदयाचा स्वतःचा ठोका विश्वासार्ह रीतीने येत नव्हता. एखाद्या रुग्णाला दुसरा कोणताही उपाय चालत नसेल तर रुग्णालयात, ईसीजी चालू ठेवून, पेसमेकर तपासणाऱ्या प्रोग्रामर यंत्रासमोर टेन्स लावून पाहता येते आणि त्यानंतर मर्यादित परवानगी देता येते, हेही त्यांनी सांगितले. वडिलांच्या बाबतीत मात्र त्याची गरज नाही असे त्यांचे स्पष्ट मत पडले.

गरज नाही असे म्हणण्यामागचे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते धोक्याविषयी नसून लाभाविषयी आहे. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने 2022 च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांध्यांच्या झिजेसाठी टेन्स, आयएफटी, स्नायूंचे विद्युत उद्दीपन हे उपचार देऊ नयेत असे म्हटले आहे, कारण त्यांचा उपयोग होतो असे दाखवणारा पुरेसा पुरावा नाही. उलट व्यायाम हा मुख्य उपचार म्हणून सांगितला आहे. म्हणजे झिजलेल्या गुडघ्यांसाठी पेसमेकरचा रुग्ण जो धोका पत्करतो, त्याच्या बदल्यात मिळणारा लाभच संशयास्पद आहे. वडिलांना मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम, खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आणि सपाट रस्त्यावर चालणे एवढेच दिले गेले. जिना उतरताना त्यांना अजूनही कठडा लागतो, पण बाजारात जाऊन येणे त्यांनी पुन्हा सुरू केले आहे.

ज्यांनी पेसमेकर असूनही असे यंत्र आधीच वापरले असेल, त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. यंत्रामुळे पेसमेकर कायमचा बिघडणे अपेक्षित नसते. करंट थांबला की तो पुन्हा नेहमीप्रमाणे ऐकू लागतो. वापरताना चक्कर, अंधारी, धडधड असे काहीही झाले असेल तर यंत्र लगेच बंद करून बाजूला करावे आणि तपासणी लवकर करून घ्यावी, शुद्ध हरपली असेल तर त्याच दिवशी. आयसीडीचा झटका बसला असेल तर थेट रुग्णालय गाठावे. तपासणीला जाताना कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता यंत्र लावले होते हे लिहून न्यावे, कारण आजचे पेसमेकर आणि आयसीडी अशा गोंगाटाच्या नोंदी वेळेसह साठवून ठेवू शकतात आणि डॉक्टरांना ती वेळ जुळवून पाहता येते. वैद्यकीय उपकरणामुळे अपाय झाल्याची नोंद भारतात 2015 पासून चालू असलेल्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे करता येते आणि ती रुग्ण स्वतःही करू शकतो. पण दुकानांतून विकल्या जाणाऱ्या या यंत्रांबाबत अशी नोंद करता येते, हे मला भेटलेल्या एकाही विक्रेत्याला ठाऊक नव्हते.

खरेदीचा विचार करणाऱ्यांसाठी माझी शिफारस अशी. घरात कोणाच्याही शरीरात हृदयासाठीचे उपकरण नसेल, पायांची संवेदना शाबूत असेल, शिरेत गाठ, उघडी जखम किंवा गर्भारपण नसेल, तर थकलेल्या पोटऱ्यांना आराम म्हणून हे यंत्र घ्यायला हरकत नाही. गुडघ्यांची झीज बरी होईल या अपेक्षेने घेऊ नये. घरात पेसमेकर असलेली व्यक्ती असेल तर ते दिवाणखान्यात उघडे ठेवू नये. आम्ही नियंत्रकावरच ‘पेसमेकर असल्यास वापरू नये’ अशी मराठी चिठ्ठी चिकटवली आहे, कारण पाहुणे म्हणून येणाऱ्या काका-मावशींपैकी कोणाला पेसमेकर आहे हे दर वेळी आपल्याला माहीत असतेच असे नाही. मानेवर आणि खांद्यावर लावायच्या पट्ट्यांची जोडी आम्ही वेगळी काढून ठेवली.

यंत्राच्या कामगिरीला मी पाचपैकी साडेतीन गुण देते आणि सुरक्षेच्या माहितीला एक. उत्पादकाच्या ग्राहक सेवेला पत्र पाठवून तीन मागण्या केल्या आहेत : पेसमेकर आणि आयसीडीचा इशारा खोक्याच्या दर्शनी भागावर मराठीसह भारतीय भाषांत छापावा, चटईवर तळहात ठेवू नयेत असे चित्रासह दाखवावे, आणि विक्रेत्यांना विक्रीपूर्वी विचारायचा प्रश्न लेखी द्यावा. पत्र मिळाल्याची पोच आली आहे, उत्तर अद्याप आलेले नाही. ते आल्यावर सुरक्षेच्या माहितीचे गुण मी इथेच बदलेन.